जंगलाला जाळरेषा आहे, वस्तीला का नाही?

१४ एप्रिल हा आपल्यासाठी बाबासाहेबांच्या जयंतीचा दिवस. याच तारखेला देशात आणखी एक दिवस पाळला जातो : राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा आणि कापूस भरलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला. आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात कामी आले. बाबासाहेब त्या वेळी व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्या जवानांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. शहरात बंब धुऊन-पुसून उभे केले जातात, शाळांत प्रात्यक्षिके होतात, पत्रके वाटली जातात. त्याच आठवड्यात नांदेड-लातूरच्या वस्त्यावस्त्यांत निळे झेंडे लागतात, मिरवणुका निघतात. एकाच तारखेचे हे दोन कार्यक्रम. पण बंब वस्तीत येत नाही आणि वस्ती बंबाला विचारत नाही. हे असे का, याचा विचार चळवळीने करावा म्हणून हा लेखप्रपंच.

एप्रिल म्हणजे आमच्या मराठवाड्यात सगळे वाळून कोळ झालेले असते. पारा चाळीस ओलांडतो, दुपारी वारा सुटतो. शेतातली धसकटे, बांधावरचे गवत, उसाचे पाचट पेटवून रान साफ करण्याची पद्धत जुनीच आहे. बांध पेटवणारा घरी निघून जातो, आग मात्र थांबत नाही. ती बांधावरून पडीकात, पडीकातून गायरानात आणि गायरानातून वस्तीत येते. कारण गायरान जिथे संपते तिथेच आपली वस्ती सुरू होते. बऱ्याच ठिकाणी तर वस्ती गायरानातच आहे.

जंगलाची काळजी, माणसांची नाही

नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला किनवट, माहूर, हिमायतनगर हा सागवानाचा पट्टा आहे. इथे वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. हंगामापूर्वी वनखाते जाळरेषा घेते. म्हणजे जंगलात ठराविक रुंदीचे पट्टे आखायचे, त्यावरचे गवत-पाला कापून आपल्या देखरेखीखाली जाळून टाकायचे, जेणेकरून एका बाजूची आग दुसऱ्या बाजूला जाऊ नये. हंगामी अग्निरक्षक नेमले जातात. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना वनकर्मचाऱ्याच्या मोबाईलवर पाठवते. राखीव जंगलात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने गुन्हा आहे. याच कायद्याचे कलम ७९ सांगते की, जंगलात चराईचा वा लाकूडफाट्याचा हक्क असणाऱ्याने वणवा विझवायला मदत केलीच पाहिजे. न केल्यास शिक्षा आहे.

हे सारे योग्यच आहे, जंगल वाचलेच पाहिजे. पण या व्यवस्थेकडे वस्तीतून पाहा. कोलाम पोडावरचा, तांड्यावरचा वा बौद्ध वस्तीतला माणूस कायद्याने सरकारचे जंगल विझवायला बांधलेला आहे. त्याचे घर पेटले तर विझवायला कोण बांधलेले आहे? जंगलाला जाळरेषा आहे, वस्तीला का नाही?

लातूर जिल्ह्यात तर जंगल नावालाच आहे. तिथली आग शेतातली आणि दारातली असते. उसाचे पाचट, ज्वारीच्या कडब्याची गंज, सोयाबीनचे भुसकट, तुराट्या, गोवऱ्या हे सगळे जागेअभावी घराच्या भिंतीला टेकून रचलेले असते. ज्याला वाडा आहे त्याची गंज खळ्यावर असते. ज्याच्याकडे एक खोली आणि समोर दहा फूट जागा आहे, त्याची गंज उंबऱ्यातच राहणार. आग जात पाहून येत नाही, असे म्हणतात. खरे आहे. पण आगीच्या वाटेत कोणाचे घर बांधले गेले, हे मात्र जातीनेच ठरवले आहे.

आग हा विषय कोणाचा?

राज्यघटनेत १९९२ च्या ७४ व्या दुरुस्तीने बारावी अनुसूची आली. नगरपालिका-महापालिकांकडे सोपवायच्या १८ विषयांत सातवा विषय ‘अग्निशमन सेवा’ हा आहे. ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली. तिच्यात २९ विषय आहेत. पिण्याचे पाणी आहे, रस्ते आहेत, घरबांधणी आहे, ‘इंधन आणि चारा’सुद्धा आहे. पण त्या इंधनाने आणि चाऱ्याने पेट घेतला तर काय, हा विषय त्या २९ मध्ये नाही! महाराष्ट्राच्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातील ग्रामसूचीत आग विझवण्यास ‘मदत करणे’ आहे. मदत म्हणजे काय, कशाने आणि कोणाच्या पैशाने, हे कोणी सांगत नाही.

परिणाम असा की, बंब शहराचा आणि आग खेड्याची. नांदेड-वाघाळा महापालिका १९९७ मध्ये झाली, लातूर महापालिका २०११ मध्ये. महापालिका कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे अग्निशमन दल ठेवणे हे त्यांचे बंधनकारक कर्तव्य आहे. पण तालुक्याच्या गावाहून वीस-पंचवीस किलोमीटर आत असलेल्या वाडीत बंब पोहोचेपर्यंत पत्र्याचे घर शिल्लक राहत नाही. छप्पर पेटल्यावर जे काही करायचे ते पहिल्या काही मिनिटांतच करावे लागते.

राज्यात आग प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदाही आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. योगायोग पाहा, तो अमलात आला ६ डिसेंबर २००८ रोजी. या कायद्याने आग प्रतिबंधाची जबाबदारी इमारतीचा मालक आणि भोगवटादार यांच्यावर टाकली. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत द्यावे लागते. पण या कायद्याचा सारा रोख उंच, मोठ्या आणि गर्दीच्या इमारतींवर आहे. दवाखाने, मंगल कार्यालये, मॉल, टॉवर त्यात येतात. गायरानाला खेटून असलेल्या पन्नास घरांच्या वस्तीकडे एक ‘इमारत’ म्हणून कोणी पाहतच नाही. आग मात्र ती वस्ती एकच इमारत असल्यासारखी जाळते.

आणि पाणी? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर पाणी आणले. जिथे प्यायला पाणी रेल्वेने येते तिथे आग विझवायला पाणी कोठून येणार? दुष्काळाच्या वर्षी आगीचा धोका सर्वांत जास्त आणि पाणी सर्वांत कमी, हे साधे गणित कोणत्या आराखड्यात मांडले आहे?

शहराच्या कडेला आलेले आपले लोक

हा प्रश्न केवळ खेड्याचा आहे, असे आमच्या नोकरदार बांधवांनी समजू नये. गेल्या तीस वर्षांत आपले शिक्षक, कारकून, एसटीतले कर्मचारी, पोलीस, परिचारिका यांनी कर्ज काढून नांदेड आणि लातूरच्या कडेला प्लॉट घेतले आणि घरे बांधली. त्यातले बरेच प्लॉट गुंठेवारीचे. गल्ली दहा-बारा फुटांची, त्यात दोन्ही बाजूंनी पायऱ्या आणि मोटारसायकली. बंब तोंडाशीच अडतो. दोन घरांच्या मध्ये रिकामा प्लॉट, मालक पुण्यात किंवा मुंबईत. पावसाळ्यात त्यात पुरुषभर गवत आणि गाजरगवत वाढते, उन्हाळ्यात ते वाळते, आणि कोणीतरी कचरा म्हणून पेटवून देतो. शेजारी गॅसचे सिलिंडर, वर लोंबणाऱ्या विजेच्या तारा. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने प्लॉट नियमित झाले असतील, गल्ली रुंद झाली नाही.

जगात काय चालले आहे तेही पाहू. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये वणव्याच्या भागातील घरमालकाने घराभोवती शंभर फुटांपर्यंत वाळके गवत आणि झुडपे साफ ठेवावीत असा कायदा आहे. भिंतीलगतच्या पहिल्या पाच फुटांत पेटणारे काहीच नसावे, हा नियम करण्याचा कायदा तिथे २०२० मध्ये झाला. कारण अनुभव असा की, बहुतेक घरे ज्वाळेने पेटत नाहीत. वाऱ्यावर उडत आलेली ठिणगी भिंतीजवळच्या वाळक्या वस्तूवर पडते आणि घर तिथून पेटते. तरीही जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या अल्ताडेनात हजारो घरे जळाली. अल्ताडेना हे कृष्णवर्णीय कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या घरे घेतलेले गाव. इतरत्र त्यांना घरे विकत मिळत नसत, म्हणून ते तिथे वसले. त्या गावाच्या पश्चिम भागाला घरे सोडण्याचा आदेश पूर्व भागापेक्षा कित्येक तास उशिरा मिळाला आणि बहुतेक मृत्यू पश्चिमेलाच झाले. इतक्या श्रीमंत देशातही सूचना शेवटी कोणाकडे पोहोचते, हे ज्याने-त्याने आपल्या अनुभवावरून ताडून पाहावे.

पंचनाम्यातली आग

घर जळते ते दोनदा. एकदा आगीत आणि दुसऱ्यांदा पंचनाम्यात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीसाठी केंद्राने २०२२ ते २०२६ या काळाकरिता ठरवलेल्या निकषांत आग ही आपत्ती म्हणून धरली आहे. पूर्ण नष्ट झालेल्या घराला मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये. झोपडीला ८ हजार रुपये. आणि टीप अशी की, घर अधिकृत असल्याचे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले असावे. म्हणजे तलाठ्याने पंचनाम्यात ‘घर’ लिहिले की ‘झोपडी’, या एका शब्दाची किंमत १ लाख १२ हजार रुपये आहे. गायरानावरचे घर असेल तर ‘अतिक्रमण’ हा तिसरा शब्द तयारच असतो.

हे अतिक्रमण कोणी केले? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. त्या लढ्यातून आपल्या माणसाने पडीक जमिनीवर नांगर धरला, घर घातले. १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये काढला. निर्णय निघाला, पण किती जणांच्या हाती सातबारा आला? सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करा असे सांगितले, हे अधिकारी नेहमी ऐकवतात. त्याच निकालात शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिले असतील तर तो अपवाद आहे, हे मात्र ऐकवत नाहीत. ज्याला पट्टा नाही त्याला विटा रचायची भीती वाटते, म्हणून तो पत्रा, ताडपत्री आणि कुडावर राहतो. कूड लवकर पेटतो. जमिनीचा कागद हा आग प्रतिबंधाचाच उपाय आहे, हे आम्ही जबाबदारीने म्हणतो.

आणि हेही ठाऊक असू द्या. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चे कलम ६१ सांगते की, मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश वा धर्म यावरून भेदभाव करता येणार नाही. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. अर्ज त्यांच्याकडेच करायचा.

अपघात की अत्याचार?

मराठवाड्यात वस्तीची आग म्हटले की १९७८ आठवल्याशिवाय राहत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठ नामांतराचा ठराव मंजूर केला आणि गावोगाव आपली घरे पेटवण्यात आली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांना जाळून मारण्यात आले. आपल्या घराला लागलेली आग पाहून आपला माणूस आधी ‘कोणी लावली?’ असे विचारतो, त्यामागे हा इतिहास आहे.

तरीही वकील म्हणून आम्ही दोन गोष्टी सांगू. पहिली : प्रत्येक आग अत्याचार नसते. पुराव्याशिवाय तसा आरोप केला तर उद्याचा खरा आरोप दुबळा होतो. दुसरी : राख थंड होण्याआधीच ‘शॉर्टसर्किट’ असे लिहू देऊ नका. वीज हे कारण असेल तर विद्युत निरीक्षकाचा अहवाल मागा. आग लावल्याचा संशय असेल तर जागा हलवू नका, फोटो काढा, न्यायवैद्यक पथकाची मागणी लेखी करा. घर आगीने नष्ट करण्याचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ मध्ये आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचे राहते घर जाळून नष्ट केल्यास १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(२)(चार) खाली जन्मठेप आहे. जळालेले घर शासनाने स्वखर्चाने विटा-दगडांत बांधून द्यावे, अशी तरतूद त्या कायद्याच्या नियमांत आहे. इथे ८ हजारांचा प्रश्नच येत नाही. फिर्याद कोणत्या कलमाखाली नोंदली जाते त्यावर पुढचे सारे अवलंबून असते.

काय करायचे?

घराघरांत करायचे ते साधे आहे. गंज, गोवऱ्या, पऱ्हाट्या भिंतीपासून शक्य तितक्या दूर; किमान पहिले पाच फूट तरी मोकळे. वाऱ्याच्या दुपारी चूल उघड्यावर पेटती सोडू नये. पत्र्याखाली लावलेले जुने फ्लेक्स आणि प्लास्टिक काढावे. जात प्रमाणपत्र, पदव्या, रेशनकार्ड, जमिनीचे कागद लोखंडी पेटीत आणि त्यांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये. जातीचा दाखला जळाला की नोकरी आणि शिष्यवृत्ती दोन्ही अडतात.

जयंती मंडळांनी यंदाच्या वर्गणीतून वस्तीसाठी निदान दोन अग्निशामक यंत्रे आणि दहा वाळूच्या बादल्या विहारात ठेवाव्यात. मंडपाची वायरिंग जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावी. समता सैनिक दलाच्या शाखांनी फेब्रुवारीतच श्रमदानाने वस्ती आणि गायरान यांच्यामध्ये गवत काढून पट्टा मोकळा करावा. ही आपली जाळरेषा.

पण श्रमदान हा शासनाच्या कर्तव्याला पर्याय नाही. म्हणून मागण्या. दलित वस्ती सुधार योजनेचा निधी कमानी आणि सिमेंट रस्त्यांतच संपतो. त्यातून प्रत्येक वस्तीला बंब वळेल एवढा रस्ता आणि बंब भरता येईल अशी पाण्याची टाकी मिळाली पाहिजे. वस्तीची जाळरेषा रोजगार हमीच्या कामांत घेतली पाहिजे. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५ हजार कोटींची योजना सुरू केली. तिच्यातून नांदेड आणि लातूरच्या तालुक्यांना काय मिळाले, हे माहितीच्या अधिकारात विचारले पाहिजे.

आणि एक हत्यार आपल्या हातात आजच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३. ज्या वस्तूमुळे वणवा वा स्फोट होण्याचा संभव आहे ती तशी टाकण्यास उपविभागीय दंडाधिकारी मनाई करू शकतो, सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देऊ शकतो. वाळक्या गवताचा मोकळा प्लॉट, वस्तीला टेकलेला कचऱ्याचा ढीग, यासाठी साध्या कागदावर अर्ज द्या. नगरपालिका म्हणेल, पैसे नाहीत. १९८० मध्ये रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी याच कलमाखाली सांगितले आहे की, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही.

किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. शासनाने मनावर घेतले तर गावाची आखणी बदलता येते, याचा दाखला लातूर जिल्ह्यातच आहे. त्यासाठी हजारो माणसे मरावी लागली. वस्तीची जाळरेषा आखायला तेवढी किंमत मोजावी लागू नये. येत्या जयंतीला प्रत्येक वस्तीतून एक अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे आणि एक जिल्हाधिकाऱ्याकडे गेला पाहिजे. अर्जाची पोहोच घ्या, तिची प्रत विहारात लावा आणि महिन्याने पुन्हा विचारायला जा.

जयभीम!